गच्चीवरचा निळा टब

सुगत, तुझे मासे जिवंत आहेत. हे आधी सांगते, कारण तू असतास तर त्याशिवाय दुसरं काही ऐकूनच घेतलं नसतंस. फायटर आहे. एंजलची जोडी आहे. गप्पी किती आहेत ते तुलाही कधी सांगता आलं नाही, मला काय सांगता येणार. लाल झिंगे दिवसभर शेवाळात तोंड खुपसून असतात, आणि गोगलगायी नेहमीसारख्या कोणी न बोलावता वाढताहेत.

तू गेलास हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आम्हाला सांगितलंय. आधी डॉक्टरांनी सांगितलं, मग जलदान विधीला भंतेजींनी समजावून सांगितलं, आणि आता आपल्या इंदोरा वस्तीतला येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. तरी तुझ्या खोलीत मोटर बुडबुडत असते, आणि हॉलमध्ये बसलेल्या माणसाला वाटतं की तू दार लोटून आत पाणी बदलतो आहेस. आईने दोनदा स्वयंपाकघरातून हाक मारली, "सुगत, जेवाले ये गा." दुसऱ्यांदा हाक मारल्यावर ती तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. मी भाजी ढवळत राहिले.

तुझा फोन माझ्याकडे आहे. परवा वाजला. पलीकडून कोणीतरी तुझ्यासारखंच वेड लागलेलं पोरगं विचारत होतं, "भाई, वो लाल वाले झींगे बचे हैं क्या?" मी म्हटलं, "हैं." तो म्हणाला, "भाई को बोलना, रविवार को आता हूँ." मी बोलेन म्हटलं. ठेवल्यावर लक्षात आलं की मी काय बोलून बसले. पण त्याला परत फोन लावून सांगायचं धैर्य अजून झालेलं नाही. निदान एका माणसाच्या लेखी तू अजून घरी आहेस, एवढंच.

कुठून सुरू झालं हे सगळं? सीताबर्डीच्या बाजारातून. तू शाळेत होतास, मी कॉलेजला. माझी पुस्तकं घ्यायला गेलो आणि तू एका दुकानासमोर असा चिकटलास की मला पुस्तकं न घेताच परत यावं लागलं. ऑटोत तू पॉलिथिनची पिशवी दोन्ही गुडघ्यांत धरून बसला होतास आणि प्रत्येक गतिरोधकाला ऑटोवाल्याला "काका, हळू, काका, हळू" करत होतास. आत एक निळा फायटर. घरी टाकी नाही, काही नाही. तू आईची लोणच्याची बरणी रिकामी केलीस. आई म्हणाली, "बरणीले कैरीचा वास आहे, मरन तो." तू ती राखेने घासलीस, लिंबाने घासलीस, रात्रभर उन्हासारखा बल्ब लावून वाळवलीस. फायटर मेला नाही. कैरीच्या वासातच चांगला तगडा झाला. आई मात्र नंतर कित्येक वर्षं कोणी लोणचं मागितलं की म्हणायची, "बरणीत मासा आहे."

मिहानच्या एका कंपनीत नोकरी लागल्यावर तू पहाटेच्या बसला जायचास आणि जायच्या आधी सगळ्यांना खाऊ घालायचास. स्वतः उपाशी. टाक्या वाढत गेल्या, तुझा पलंग कोपऱ्यात सरकत गेला. आई विचारायची, "लग्न झाल्यावर बायको कुठी झोपन तुही?" तू म्हणायचास, "पोहता येते का, विचारून घेजो."

आणि यंदाचा मे महिना. सुगत, मे महिन्यातलं ते भांडण आता आठवलं की हसू येतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळतंय आणि तू हॉलमधला कूलर ढकलत तुझ्या खोलीत नेलास, झिंग्यांना गरम पाणी सोसत नाही म्हणून. पप्पा उघड्या अंगाने, हातात ओला टॉवेल घेऊन दारात उभे.

"झिंग्यांले गरम होते अन् बापाले होत नाही का बे?"

"पप्पा, तुम्ही उठून सावलीत जाऊ शकता. ते कुठी जातीन?"

पप्पांना उत्तर सुचेना. ते तणतणत मागच्या अंगणात गेले आणि पत्र्याखाली पडलेला जुना लोखंडी कूलर ओढत आणला. स्वतः तेल घातलं, नवी वाळ्याची ताटी लावली, पाणी भरलं. उन्हाळाभर ते त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, आणि तू येता-जाता म्हणायचास, "पप्पा, तुमचं इंजिन मस्त चालून राहिलं." पावसाळा लागल्यावर त्यांनीच तो परत मागच्या अंगणात नेऊन ठेवला.

आता त्या टबाकडे यावंच लागेल.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, सावलीत ठेवलेला तुझा निळा प्लास्टिकचा टब. वाळकी पानं टाकलेलं हिरवट पाणी. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाकून बघितलं तर आत बारीक काळ्या दोऱ्यांचे तुकडे वळवळत होते.

"हे काय आहे बे?"

"जेवण आहे. माह्यं नाही, त्यांचं."

"सुग्या, याचे मच्छर होतीन."

"होत नाही ना ताई. व्हायच्या आधीच गाळून घेतो. एक दिवस आड. पंख फुटाले टाइमच भेटत नाही त्यांले."

"अन् एखादा सुटला तं?"

"सुटला तं सुटला. शहरात मच्छर कमी आहेत का? माह्या टबातला असन तेवढाच ओळखून चावन का तुले?"

आणि तू आईच्या स्वयंपाकघरातून पळवलेली चहाची गाळणी पाण्यात फिरवलीस, खाली आलास, आणि एंजलच्या टाकीत झटकलीस. जे झालं ते बघण्यासारखं होतं, हे मी तेव्हाही कबूल केलं. एरवी राजेशाही थाटात फिरणारे ते मासे वेडे झाले होते. तू काचेला नाक लावून बसला होतास. "पाह्य ना ताई, कसे खुश आहेत." तुझा चेहरा माझ्या मुलीएवढा झाला होता.

पुढे प्रत्येक वेळी घरी आले की हेच भांडण. आईचं वेगळंच. ती म्हणायची, "विहारात बसून जीव न मारायचं पहिलं शील घेतो, अन् घरी येऊन जिते जीव टाकतो त्यांच्या तोंडात." तू म्हणायचास, "तं मंग मासे उपाशी मारू का आई? तेही जीवच आहेत." तिला तुझं म्हणणं पटायचं नाही, पण खोडूनही काढता यायचं नाही.

आपलं शेवटचं भांडण फोनवर झालं. माझ्या मुलीला ताप येऊन गेला होता, साधाच, पण मी घाबरले होते. मी म्हटलं, तो टब फेकल्याशिवाय मी पोरीला घेऊन तिकडे येणार नाही. तू चिडला नाहीस. म्हणालास, "रविवारी ये. बसून बोलू. जाळी आणली मी टबासाठी, दाखवतो तुले." रविवारी मी आले, तर तू पांघरूण घेऊन पडला होतास आणि म्हणत होतास की अंग मोडून आल्यासारखं वाटते, बाकी काही नाही.

जाळी मला सापडली. एंजलच्या टाकीमागे आहे. प्लास्टिकच्या वेष्टनात, जशी दुकानातून आली तशी.

दवाखान्यातलं सगळं नाही लिहीत. तुझ्या दंडावरचे लाल ठिपके, रोज सकाळी येणारा प्लेटलेटचा आकडा, आणि तो ऐकून पप्पांचं खाली बसणं, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नसेल ते एवढंच, की शुद्धीत असताना तू माझ्याशी जे शेवटचं बोललास ते मी तेव्हापासून उलटसुलट करून बघते आहे. तू म्हणालास, "ताई, टबाचं तेवढं पाहून घेजो." मी हो म्हटलं. तेवढ्यात नर्स सलाइन बदलायला आली आणि मी बाजूला झाले. मला वाटलं, उद्या विचारू.

पाहून घेजो म्हणजे काय, सुगत? गाळून माशांना घालू की ओतून देऊ? तुला माशांची काळजी वाटत होती, की तुझ्याही मनात तेच आलं होतं जे माझ्या मनात आलं होतं?

त्या संध्याकाळी मी कपडे घ्यायला घरी आले आणि गच्चीवर गेले. तू पडल्यापासून गाळणी फिरली नव्हती. पाणी नुसतं वळवळत होतं. आणि वर, पानांच्या कडेला, बारीक पारदर्शक साली तरंगत होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. साल पाण्यावर राहिली याचा अर्थ आतलं उडून गेलं, हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून मुलांना सांगते. ते तू पडल्यानंतर उडाले, की आधीही कधी उडत होते, हे त्या पाण्याला विचारता येत नव्हतं. मी टब उपडा केला. अळ्या गच्चीच्या गरम फरशीवर तडफडल्या, आणि मी त्या वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले. खाली मासे उपाशी होते. तेव्हा ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर तू बोलला नाहीस.

तुला निरोप देऊन झाल्यावर पुढच्याच आठवड्यात आरोग्य खात्याच्या दोन बाया आल्या. वस्तीतली घरं तपासत होत्या. फ्रिजमागचा ट्रे पाहिला, कुंड्या पाहिल्या, मग मागच्या अंगणात गेल्या. तो लोखंडी कूलर पप्पांनी ठेवला तसाच होता, तळात उन्हाळ्याचं नाही तर पावसाचं पाणी. एकीने आत टॉर्च मारला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, हे पाहा." पप्पांनी वाकून पाहिलं. ती बाई वाईट नव्हती. तिला ठाऊकही नव्हतं की या घरातून कोण गेलंय. म्हणाली, "पावसाळा लागला की पाणी काढून ठेवत जा, काका. डेंग्यूची साथ आहे." पप्पांनी दोन्ही हातांनी तो कूलर उलथा केला. मग त्याच्याच शेजारी, ओल्या मातीत बसले.

बाया गच्चीवर जाऊन आल्या. टब उपडा आणि कोरडा होता. "वर काही नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

तेव्हापासून पप्पांना बघवत नाही. भेटायला येणारा माणूस म्हणतो, "काय करता, साथच तशी आहे," आणि पप्पा म्हणतात, "साथ नाही. माह्या कूलर." भंडाऱ्याहून आलेल्या मामांना सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. पोस्टातल्या जुन्या मित्रांना सांगितलं. एखाद्याने आपलं नाव-गाव सांगावं तसं सांगतात, आवाज न चढवता.

आणि मी बाजूला चहाचे कप घेऊन उभी. माझ्याकडे एक वाक्य होतं ज्याने त्यांचं ओझं अर्धं झालं असतं. पण ते अर्धं उचलून ठेवायचं कुठे? तुझ्यावर. तू तर उत्तर द्यायला नाहीस. बापाला असं बघत राहायचं, की मेलेल्या भावाचं नाव पुढे करायचं, हे मी किती दिवस नुसतं चघळत होते. तुझ्यावर रागही यायचा. मग मासे भुकेने काचेशी यायचे आणि राग कुठे ठेवायचा ते कळायचं नाही.

परवा दुपारची गोष्ट. आई तुझ्या खोलीत तुझ्या पलंगावर बसली होती, हात मांडीवर उताणा. मी माशांना खाऊ घालायला आत गेले तर तिच्या मनगटाजवळ डास बसलेला. पायांवर पांढरे पट्टे. त्याचं पोट फुगत चाललं होतं आणि आई त्याच्याकडे बघत होती. मी झटकायला हात पुढे केला, तर तिने दुसऱ्या हाताने माझा हात धरला.

"राहू दे वं."

"आई, काय करून राहिली तू? चावून राहिला तो."

"चावू दे." तिने नजर हलवली नाही. "त्याच्या अंगावर बसला असन तं? त्याचं रक्त असन यात."

डास उडाला, एंजलच्या टाकीच्या काचेवर टेकला, तिथून कुठे गेला दिसलं नाही. आईच्या मनगटावर गांधी उठली. मी तिच्याजवळ बसले आणि माझ्याकडून सगळं बाहेर पडलं. टब, अळ्या, साली, मी ओतून दिलेलं पाणी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली,

"मले मालूम होतं."

"काय?"

"टब. मी रोज संध्याकाळी जाऊन फडकं बांधत होती त्याच्यावर. जुनं धोतर फाडून केलं होतं. सुगतले वाटे हवेनं उडून आलं असन, तो सकाळी काढून फेके. मी परत बांधो." ती थोडं हसली. मग ते हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे भरले. "तो पडायच्या आधी भंडाऱ्याले गेली ना मी, भाचीच्या पोराच्या बारशाले. चार दिवस राहून गेली. तेव्हा कोणी बांधलं नाही."

म्हणजे सुगत, या घरात तुझ्यामागे आम्ही तिघं होतो आणि तिघांकडे आपापलं पाणी होतं.

मी म्हटलं, "पप्पांले सांगू का?" आईने पदराने डोळे पुसले. "सांग," म्हणाली. "तो माणूस मरन असा."

काल संध्याकाळी मी पप्पांना हाक मारली. तू गेल्यापासून ते तुझ्या खोलीत आले नव्हते. ते आत आले आणि, सुगत, काय झालं ते तुला सांगायलाच हवं. मी आत गेले की मासे पळतात, इतके दिवस खाऊ घालून सुद्धा. पप्पांची पावलं फरशीवर पडली आणि सगळे, सगळ्या टाक्यांमधले, पुढच्या काचेशी धावत आले. गप्पींचा थवा, एंजल, फायटरसुद्धा. तू कामावरून आलास की यायचे तसे. तुझ्या आणि पप्पांच्या चालण्यात इतकं साम्य आहे हे आम्हाला कोणालाच कधी दिसलं नव्हतं. पप्पा थबकले. एका काचेवरून दुसऱ्या काचेवर बघत राहिले.

"मले काहून पाहून राहिले हे?"

मला तेव्हा खरं कारण सांगवलं नाही. मी टबाचं सांगितलं. कसं सांगितलं आता आठवत नाही, पण तुझं म्हणणंही सांगितलं, एक दिवस आड गाळायचास ते, आणलेली जाळीही दाखवली. आईने फडक्याचं सांगितलं, बारशाचं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "पप्पा, कुठला होता कोणालेच मालूम नाही. टबातला असन, कूलरमधला असन. मिहानच्या बस स्टॉपवरचा असन. ह्याचा पत्ता कधीच लागत नसते."

पप्पांनी जाळीचं वेष्टन हातात घेतलं, उलटंपालटं केलं, जागेवर ठेवलं.

"आणखी कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"मंग सांगजो नको."

"पण पप्पा, तुम्ही सगळ्यांले सांगत फिरता की—"

"कूलर माह्या होता," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यात धार होती. "पाणी मी भरलं होतं, मी काढलं नाही. पोरगं गेलं ते गेलं. वरून लोकांनी म्हणावं, त्याच्याच हातानं गेला? नाही. माह्या घरात नाही. तुह्या मायचं फडकं नाही, त्याचा टब नाही. कोणाचा तरी असणारच ना तो मच्छर? तं मंग माह्या."

आई रडायला लागली. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काचेशी जमलेल्या माशांकडे बोट करून विचारलं, "यांले देतात काय आता?" मी डबी दाखवली. त्यांनी चिमूट भरून घेतली, फार मोठी चिमूट, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

तू असतास तर थांबवलं असतंस. म्हणाला असतास, पप्पा, एवढं नाही, पाणी खराब होते. आणि टबाचं ऐकून तर तू उसळलाच असतास. नाही पप्पा, टब माह्या होता, तुमच्या इंजिनाचा काही संबंध नाही. मग तुम्ही दोघं त्यावरून भांडला असता, की चूक कोणाची, आणि दोघंही म्हणाला असता, माझी. त्या भांडणात तू त्यांना असं काहीतरी बोलला असतास की त्यांना उत्तर सुचलं नसतं. ते तणतणत मागच्या अंगणात गेले असते.

काल ते अंगणात गेले नाहीत. पप्पा तिथेच उभे राहिले. तुझ्याशी भांडणात ते पहिल्यांदा जिंकले, सुगत, आणि त्यांचा हात काचेवर टेकलेला होता.